मॅन्युअल कशात लिहायचे?

एका मुक्त सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत एक वाक्य चुकले आहे, असे समजा. ‘फाइल मेनूत जाऊन निर्यात निवडा’ असे तिथे लिहिले आहे आणि गेल्या आवृत्तीपासून ती सोय ‘साधने’ या मेनूत गेली आहे. ही चूक ज्यांच्या लक्षात आली त्या बाई तालुक्याच्या गावी शाळेत शिकवतात. प्रोग्रामिंग त्यांना येत नाही. रात्रीची जेवणे आटोपून त्या संगणकापुढे बसल्या आहेत आणि आपल्याला जो त्रास झाला तो दुसऱ्याला होऊ नये, एवढ्यासाठी ते वाक्य नीट करावे असे त्यांच्या मनात आले आहे. ही इच्छा फार तर वीस मिनिटे टिकते. तेवढ्यात चुकलेली फाइल सापडली, उघडली, बदलली आणि पाठवता आली, तर पुस्तिका सुधारते. नाही तर बाई संगणक बंद करून झोपायला जातात.

स्वयंसेवकांनी लिहायच्या डॉक्युमेंटेशनसाठी कोणता फॉरमॅट घ्यावा, कोणती साधने वापरावीत, हा वाद सॉफ्टवेअरच्या जगात पन्नास वर्षे चालला आहे. तो घालतात बहुधा पहिले लिहिणारे, आणि ते आपापल्या सवयीच्या बाजूने बोलतात. या आढाव्यात मी मोजपट्टी वेगळी धरली आहे: पहिल्याने लिहून ठेवलेले दुसऱ्या अनोळखी माणसाला किती सहज दुरुस्त करता येते? कंपनीतल्या पगारी लेखकाला प्रशिक्षण मिळते, परवान्याचे सॉफ्टवेअर मिळते, अडले तर शेजारच्या टेबलावर विचारता येते. स्वयंसेवकाकडे यातले काहीच नसते. शिवाय तो नोकरी बदलली, मूल झाले, परीक्षा आली की कोणालाही चार्ज न देता निघून जातो. मागे उरते ती फाइल. गिटहबने २०१७ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाचे सर्वेक्षण केले. त्यात अपुरे किंवा गोंधळात टाकणारे डॉक्युमेंटेशन ही समस्या ९३ टक्के लोकांनी सांगितली, आणि सहभाग देणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी आपण डॉक्युमेंटेशनला क्वचित हात लावतो किंवा लावतच नाही, असेही कबूल केले.

सुरुवात चांगली झाली होती. युनिक्सचे पहिले मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचे आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते तयार केले. एका आज्ञेला एक पान, आणि प्रत्येक पानाचा साचा ठरलेला: नाव, वापरण्याची पद्धत, वर्णन, संबंधित फाइली, आणि शेवटी दोन रकाने जे आज वाचताना गंमत वाटते. एक ‘बग्ज’, म्हणजे आमच्याच प्रोग्राममध्ये काय बिघडलेले आहे ते. दुसरा ‘ओनर’, म्हणजे या पानाची जबाबदारी कोणाची. ही पाने रॉफ नावाच्या खुणांच्या भाषेत लिहिली जात. बिंदूने सुरू होणारी ओळ म्हणजे सूचना, बाकी सगळा मजकूर. मजकूर आणि प्रोग्राम एकाच यंत्रावर, एकाच प्रकारच्या साध्या फाइलीत, एकाच एडिटरने उघडण्याजोगे. आज ‘डॉक्स अ‍ॅज कोड’ म्हणून, म्हणजे पुस्तिका प्रोग्रामच्या कोडसारखीच सांभाळा असे, परिषदांमध्ये जे मांडले जाते, त्यातले निम्मे तिथे आधीच होते. ब्रायन कर्निघन यांनी १९७४ मध्ये नवशिक्यांसाठी लिहिलेल्या युनिक्सच्या टिपणात एक सल्ला दिला होता: प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा. कारण दुरुस्ती वाक्याची होते, परिच्छेदाची होत नाही. आज गिट हे फाइलींतले बदल नोंदवणारे साधन ओळीओळीने फरक दाखवते तेव्हा या सल्ल्याची खरी किंमत कळते. सगळा परिच्छेद एका ओळीत कोंबला, तर एका स्वल्पविरामासाठी आख्खा परिच्छेद लाल-हिरवा होतो आणि तपासणाऱ्याला नेमके काय बदलले ते डोळे ताणून शोधावे लागते.

या पानांना मॅन पाने म्हणतात, आणि त्यांची मर्यादा अशी की ती आज्ञांची यादी आहे. तिला पुस्तक म्हणता येत नाही. म्हणून १९८० च्या दशकाच्या मध्यावर रिचर्ड स्टॉलमन आणि रॉबर्ट चॅसेल यांनी ग्नू प्रकल्पासाठी टेक्सइन्फो आणले. एकाच मूळ फाइलीतून छापील पुस्तकही निघावे आणि पडद्यावर वाचायची दुव्यांनी जोडलेली ‘इन्फो’ आवृत्तीही, ही त्यामागची कल्पना. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने अशी छापील मॅन्युअले विकून पैसेही उभे केले. कल्पना काळाच्या पुढची, पण वाचक ईमॅक्स या एडिटरच्या बाहेर फारसा पोचला नाही. ग्नूच्या रोजच्या आज्ञांची मॅन पाने आज प्रोग्रामच्या मदतसंदेशातून आपोआप बनवली जातात आणि ‘पूर्ण माहिती इन्फोमध्ये पाहा’ असे सांगून थांबतात. मूळ घर कोणते आणि ओसरी कोणती, हा गोंधळ वाचकाच्या माथी येतो.

मग आला डॉकबुकचा जमाना. यावर थोडे थांबायला हवे, कारण स्वयंसेवकांच्या लेखनाने सर्वांत मोठा धडा इथे घेतला. १९९१ मध्ये हाल कॉम्प्युटर सिस्टिम्स आणि ओ’रायली यांनी हा खुणांचा फॉरमॅट सुरू केला, आधी एसजीएमएल आणि नंतर एक्सएमएल या पायावर. विचार मोठा सुंदर होता. लेखकाने ‘हे जाड करा, हे तिरके करा’ म्हणायचे नाही. ‘हे मेनूचे नाव आहे, ही कीबोर्डवरची कळ आहे, हे फाइलचे नाव आहे’ एवढेच सांगायचे. ते दिसावे कसे हे नंतर, दुसरीकडे ठरेल. त्यामुळे एकाच मजकुरातून वेबपाने, पीडीएफ, छापील पुस्तक असे सगळे निघते. पुस्तिकेत उल्लेखलेली सगळी बटणे प्रोग्रामने वेचून खऱ्या सॉफ्टवेअरशी ताडूनही पाहता येतात. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट, फ्रीबीएसडी, केडीई, ग्नोम, गिम्प, पीएचपी, पोस्टग्रेस असे सगळे या वाटेने गेले.

पण नमनालाच घडाभर तेल. एक वाक्य लिहायचे तर त्याभोवती चार-पाच टॅग उघडायचे आणि बरोबर उलट क्रमाने मिटायचे. एक मिटायचा राहिला, तर पुस्तक बनतच नाही, आणि चूक दाखवणारा संदेश येतो तो तीनशे ओळी खालच्या जागेचा. फॉरमॅट तपासायचा, शैलीपत्रके लावायची, पीडीएफ काढायचे, या साखळीतली साधने घरच्या यंत्रावर बसवणे हेच एक काम होऊन बसे. लिनक्स कर्नलमध्ये याचा शेवट २०१६ मध्ये सुरू झाला: ऑक्टोबरात आलेल्या ४.८ आवृत्तीपासून डॉकबुकचे साचे मागे पडू लागले आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही हलकी खुणांची भाषा व तिच्यातून पुस्तक बनवणारे स्फिंक्स आले. ज्यांना कर्नल लिहिता येतो, त्यांनाही ते टॅग नकोसे झाले होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. फ्रीबीएसडीने जास्त काळ तग धरला. त्यांची हँडबुक हा स्वयंसेवी लेखनातला मानदंड मानला जातो. पण जानेवारी २०२१ मध्ये त्यांनीही सगळे अ‍ॅस्कीडॉक आणि वेबसाइट बनवणारे ह्यूगो यांवर हलवले.

तरी ‘डॉकबुक संपले’ असे म्हणणे घाईचे होईल. पीएचपीचे मॅन्युअल आजही डॉकबुकमध्ये आहे, आणि अनेक भाषांत स्वयंसेवकच ते सांभाळतात. पोस्टग्रेसचे तर आहेच. फाइलींच्या नावामागचे शेपूट अजून एसजीएमएलचे, आतला मजकूर एक्सएमएल. तिथे ते का चालते? पोस्टग्रेसमध्ये नवी सोय आणणाऱ्या पॅचबरोबर तिचे डॉक्युमेंटेशन यावे अशी शिस्त आहे, आणि तपासणारे अनुभवी लोक वर्षानुवर्षे तिथेच आहेत. जिथे दुसरा माणूस अनोळखी नसून जुनाच गडी असतो, तिथे अवघड फॉरमॅटही खपून जातो. ही चैन फार थोड्या प्रकल्पांना परवडते.

डॉकबुकच्या ओझ्याखालून जे पळाले, त्यांनी हलक्या खुणांचे तीन मार्ग शोधले. तिन्ही जवळपास एकाच वेळी. स्टुअर्ट रॅकहॅम यांचे अ‍ॅस्कीडॉक २००२ चे. ते मुळात डॉकबुकचे लघुलेखनच होते: लिहायचे सोपे, आत रचना तीच. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टचा पायथॉनच्या जगात अधिकृत प्रस्ताव झाला तोही २००२ मध्येच, डेव्हिड गुडजर यांच्या हातून. पण ते खरे रुजले गेऑर्ग ब्रांडल यांच्या स्फिंक्समुळे. तोवर पायथॉनचे डॉक्युमेंटेशन लाटेक या अक्षरजुळणीच्या भाषेत होते. ब्रांडल यांनी ते नव्या खुणांमध्ये आणले, २००८ च्या मार्चमध्ये स्फिंक्स प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी आलेली पायथॉन २.६ ही आवृत्ती नव्या रूपातल्या पुस्तिकेसह आली. तिसरा मार्ग मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये, आरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने, ते आणले.

मार्कडाउन जिंकले यात शंका नाही. ई-मेलमध्ये लोक जशा तारका आणि रेघा घालत होते, त्यालाच त्याने नियम लावले, म्हणून शिकावे असे फारसे उरलेच नाही. माझ्या वीस मिनिटांच्या कसोटीला ते सहज उतरते. पण ते मॅन्युअलसाठी जन्मलेले नाही. तक्ता नाही, तळटीप नाही, ‘पाहा प्रकरण ४’ असा तपासता येणारा दुवा नाही, ‘सावधान’ अशी चौकट नाही. मग ज्याला जे हवे ते त्याने जोडले आणि पोटभाषा झाल्या. २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लन आणि इतरांनी काटेकोर व्याख्या लिहायला घेतली. तिचे पहिले नाव ‘स्टँडर्ड मार्कडाउन’ ग्रुबर यांना पसंत पडले नाही, म्हणून ती कॉमनमार्क झाली. गिटहबने आपली पोटभाषा २०१७ मध्ये त्याच पायावर लिहून काढली. तरीही ‘सावधान’ची चौकट पाहा: मार्कडाउनवरून वेबसाइट बनवणाऱ्या एमकेडॉक्समध्ये तीन उद्गारचिन्हे, डॉक्युसॉरसमध्ये तीन विसर्गासारखी चिन्हे, गिटहबवर अवतरणाच्या खुणेनंतर चौकोनी कंस. साधन बदलले की पुस्तिकेतल्या सगळ्या चौकटी मोडून पडतात. ‘आम्ही मार्कडाउन वापरतो’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणती पोटभाषा, कोणत्या जोडण्या, हे एका पानावर लिहून ठेवले नाही तर दुसरा माणूस अंदाजाने लिहितो.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्टची गोष्ट उलटी. ते शिकायला दोन संध्याकाळी जास्त लागतात, पण स्फिंक्स चुका सोडत नाही. तुटलेला अंतर्गत दुवा दिसला की इशारा देते. सांगितले तर इशाऱ्यालाच चूक मानून पुस्तक बनवायचे थांबवते. बाहेरच्या संकेतस्थळांचे मेलेले दुवेही तपासून देते. मोठ्या, अनेक प्रकरणांच्या, वारंवार बदलणाऱ्या पुस्तिकेसाठी हे सोन्यासारखे आहे, कारण लेखक निघून गेल्यावर पहारेकरी म्हणून तेवढेच उरते. अ‍ॅस्कीडॉक या दोहोंच्या मधले: वाचायला मार्कडाउनइतके साधे, तक्ते आणि संदर्भ मात्र मुळातच असलेले. गिटची स्वतःची मॅन पाने त्यातच लिहिली जातात. पुस्तकाएवढे काही नव्याने सुरू करायचे असेल, तर माझे मत अ‍ॅस्कीडॉकला. फक्त ते जाणणारे लोक मार्कडाउनच्या मानाने फार थोडे, आणि स्वयंसेवी कामात हे ‘फक्त’ जड असते.

आता वर्ड प्रोसेसर. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण त्याला पहिल्याच परिच्छेदात बाद करतात. मला ते अन्यायाचे वाटते. लिबरऑफिसची डॉक्युमेंटेशन टीम आपल्या मोठमोठ्या मार्गदर्शिका लिबरऑफिस रायटरमध्येच, ओडीटी फॉरमॅटमध्ये लिहिते. प्रकरणागणिक वेगळी फाइल, ठरलेला साचा, बदलांचा मागोवा चालू, शेऱ्यांतून चर्चा. तिथले लेखक बरेचसे ऑफिसकामातून आलेले. त्यांना टर्मिनल दाखवले असते तर अर्धे परत गेले असते. ओडीटीमागचे ओपनडॉक्युमेंट हे २००६ पासून आयएसओ मानक आहे, म्हणजे फाइल उद्याही उघडेल. अडचण दुसरीकडे आहे. ओडीटी म्हणजे आत एक्सएमएल भरलेली झिप. गिटला ती काळी पेटी दिसते. दोघांनी एकाच वेळी एक प्रकरण घेतले, तर दोघांचे बदल हाताने जुळवावे लागतात, म्हणून ‘सध्या हे प्रकरण कोणाकडे’ अशी नोंद ठेवावीच लागते. पाच-दहा माणसांची ओळखीची मंडळी असेल, तर हे चालते. बाहेरून कोणी एक ओळ सुधारू पाहील, तर त्याला आधी मंडळात यावे लागते. आणि ज्या मंडळींनी मूळ ओडीटी हरवून फक्त पीडीएफ जपून ठेवले आहे, त्यांच्याविषयी काय बोलावे? पीडीएफ ही लोणच्याची बरणी आहे. त्यातून परत कैरी निघत नाही.

विकी माझ्या कसोटीत पहिला यायला हवा. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला तो याच तत्त्वावर: चूक दिसली की तिथेच दुरुस्त करा. आर्च लिनक्सचा विकी आज इतर लिनक्स वापरणारेही उघडतात, यातच त्याचे यश आले. तरीही मोठी मॅन्युअले एकामागून एक विकीवरून उठून गेली. ब्लेंडरचे मॅन्युअल स्फिंक्सवर गेले. वेब लिहिणाऱ्यांचा रोजचा आधार असलेले एमडीएन १५ वर्षे विकी होते. डिसेंबर २०२० मध्ये ते गिटहबवर आले. कारण आवृत्त्यांचे आहे. विकीला फक्त ‘आज’ माहीत असतो. सॉफ्टवेअरची ३.६ आणि ४.२ अशी दोन रूपे एकाच वेळी लोक वापरत असतील, तर एकाच पानावर ‘जुन्या आवृत्तीत मात्र…’ अशा कंसांचे जंगल वाढते. गिटच्या रेपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींच्या कोठारात, प्रत्येक आवृत्तीला आपली फांदी असते आणि पुस्तिका प्रोग्रामबरोबरच गोठते. दुसरे कारण तपासणीचे: विकीत चूक आधी छापली जाते, मग पकडली जाते. एमडीएनने घेतलेली अदलाबदल सरळ होती. शिस्त मिळाली, आणि पटकन हात घालणारा वाटसरू थोडा दूर गेला. पानाच्या कोपऱ्यात ‘हे पान सुधारा’ अशी पेन्सिल ठेवून थेट फाइलीच्या संपादनात नेणे, हा त्यावरचा अर्धा उतारा. तो बहुतेक साधनांत दोन ओळींच्या सेटिंगने मिळतो, आणि तरी कितीतरी प्रकल्प तो देत नाहीत.

मराठी वाचकाला या आढाव्यात वेगळे काय? बरेच काही, कारण ही सगळी साधने स्वतःला सर्व भाषांची म्हणवतात, आणि अक्षरे मात्र अजून इंग्रजीच्या बोटांवर मोजतात.

साधी गोष्ट घ्या. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये शीर्षकाखाली बरोबरच्या चिन्हांची रेघ ओढतात, आणि ती शीर्षकाइतकी लांब हवी. ‘माहिती’ असे शीर्षक लिहिले. डोळ्यांना अक्षरे तीन, म्हणून खाली तीन चिन्हे काढली. पण यंत्राच्या हिशेबात मात्रा वेगळ्या, म्हणजे ‘माहिती’ सहा. रेघ फारच आखूड म्हणून ते शीर्षक न मानता साधा मजकूर मानते, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये कुरकूरही करत नाही. चार चिन्हे काढली असती तर निदान इशारा मिळाला असता. नवख्या मराठी लेखकाला वाटते, आपलेच काही चुकले. उपाय सोपा आहे, वीस चिन्हांची रेघ सरसकट ओढावी. पण हे कोणी तरी लिहून ठेवायला हवे.

दुसरे, प्रत्यय. इंग्रजीत आज्ञेचे नाव वेगळे उभे राहते. मराठीत त्याला ‘ला’, ‘ने’, ‘मध्ये’ चिकटतात. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टला खूण मिटल्यावर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागते. खुणेत घातलेल्या ‘गिट’ला लागूनच ‘ला’ लिहिले की खूण मिटलीच नाही अशी त्याची समजूत होते. मध्ये उलटी तिरपी रेघ आणि एक मोकळी जागा घातली तर जमते, पण दर वाक्यात असे करायचे म्हणजे विभक्तीची शिक्षा. अ‍ॅस्कीडॉकमध्ये अशा वेळी खूण दुहेरी करावी लागते. मार्कडाउनमध्ये उलट्या अवतरणचिन्हांना लागून प्रत्यय बिनबोभाट बसतो. मराठी लेखनासाठी मार्कडाउनच्या बाजूने मला सुचणारा हा सर्वांत मजबूत मुद्दा, आणि तो कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात सापडणार नाही. आकड्यांत मात्र तेही इंग्रजीच: ‘१.’, ‘२.’ असे देवनागरी अंक घालून पायऱ्या लिहिल्या तर कॉमनमार्कच्या नियमाने त्यांची यादी होत नाही, सगळ्या पायऱ्या एका परिच्छेदात मिसळतात. इंग्रजी अंक (1, 2) टाकावे आणि दिसताना देवनागरी करायचे काम शैलीपत्रकाला सांगावे.

तिसरे सर्वांत लपलेले. शीर्षकावरून साधने त्या भागाचा पत्ता बनवतात, म्हणजे थेट त्या ठिकाणी नेणारा दुवा. एमकेडॉक्स मूळ सेटिंगमध्ये इंग्रजीबाहेरची सगळी अक्षरे गाळते. मराठी शीर्षकाचे काहीच उरत नाही, म्हणून पत्ते ‘रेघ एक’, ‘रेघ दोन’ असे बनतात. स्फिंक्सही मराठी शीर्षकांना असेच अनुक्रमांक देते. आज ‘तिसरा भाग’ म्हणून कोणी दुवा दिला, उद्या कोणी वर नवा भाग घातला की तो दुवा गुपचूप भलत्याच ठिकाणी जातो. म्हणून मराठी पुस्तिकेत प्रत्येक शीर्षकाला हाताने, रोमन लिपीत, कायमची खूण द्यायची. फाइलींची नावेही रोमनच बरी. मराठी नाव दिले तर गिट एक सेटिंग बदलेपर्यंत त्या जागी तिरप्या रेघा आणि आकडे दाखवत बसते. ज्या पुस्तिकेत सगळे मराठी हवे, तिच्या पोटात एवढे रोमन ठेवावे लागते, हे मला आवडत नाही. पण सध्या इलाज नाही.

पीडीएफची रड जुनी आहे. स्फिंक्स नेहमीच्या मार्गाने पीडीएफ काढते ते जुन्या लाटेक इंजिनातून, आणि त्याला देवनागरी येत नाही. झीटेक निवडून चांगला फाँट सांगितला की जोडाक्षरे नीट येतात. एचटीएमएलवरून पीडीएफ करणाऱ्या साधनांत वीझीप्रिंट अक्षरजुळणीचे काम पँगोकडे सोपवते, म्हणून तिथेही जमते. पहिला छापील नमुना काढल्याशिवाय कोणतेही साधन ठरवू नये: ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आली का, रफार बरोबर शिरावर बसला का, ‘ऱ्या’ची चंद्रकोर दिसते का, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी पुरते.

याहून जुनी जखम एनकोडिंगची. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या संगणक प्रशिक्षणाची मराठी पुस्तिका नव्याने करायला माझ्याकडे आली. सीडीवर मूळ फाइली होत्या, उघडतही होत्या. आत मात्र युरोपीय लिपीतल्या खुणांची रांगोळी. मजकूर युनिकोडच्या आधीच्या एका फाँटमध्ये टाइप केलेला होता, आणि तो फाँट कोणाकडेच उरला नव्हता. फॉरमॅट उघडा होता, अक्षरे कुलपात होती. आम्ही छापील प्रत समोर ठेवून शंभरेक पाने पुन्हा टाइप केली. इंग्रजी जगात हीच गत वेगळ्या तऱ्हेने झाली: विंडोजची जुनी मदत-फाइल १९९० पासून चालत आली होती, व्हिस्टामध्ये ती वाचणारा प्रोग्रामच काढून टाकला गेला. मॅकसाठीचा फ्रेममेकर हा पुस्तके मांडण्याचा प्रोग्राम २००४ मध्ये बंद झाला आणि त्यात लिहिणारे अडकले. पण त्यांच्या अक्षरांचे तरी अर्थ कायम होते.

मराठीत येणारे बरेचसे डॉक्युमेंटेशन मुळात लिहिलेले नसते, भाषांतरित असते. तिथे फॉरमॅटचा प्रश्न पीओ फाइलीवर येऊन थांबतो. मूळ मजकूर परिच्छेदागणिक तुकडे करून एका बाजूला, भाषांतर दुसऱ्या बाजूला. स्फिंक्स असे तुकडे स्वतः काढून देते. डॉकबुक, मार्कडाउन वगैरेंसाठी पीओफोरए आहे. आणि २०१२ पासूनचे वेबलेट हे सगळे ब्राउझरमध्ये आणून ठेवते, म्हणजे शाळेतल्या बाईंना गिटचे नावही न घेता काम करता येते. न्यूझीलंडमध्ये २००० मध्ये वापरात आलेले कोहा हे ग्रंथालयांचे सॉफ्टवेअर आपल्याकडेही अनेक ग्रंथालयांत चालते. त्याचे मॅन्युअल आधी डॉकबुकमध्ये होते, आता स्फिंक्समध्ये आहे, आणि भाषांतर असेच तुकड्यांनी होते. या पद्धतीचे दुखणे भाषांतरकारांना पाठ असते: मूळ इंग्रजीत कोणी एक स्वल्पविराम हलवला की तो तुकडा ‘फझी’ होतो आणि नीट असलेले मराठी पुन्हा तपासावे लागते. म्हणून इंग्रजी लिहिणाऱ्याने परिच्छेद आखूड ठेवले, तर जगभरच्या पंचवीस भाषांतरकारांची एकेक संध्याकाळ वाचते. चित्रांचेही तसेच. स्क्रीनशॉटवर बाण काढून इंग्रजीत शब्द लिहिले की ते चित्र कोणीच भाषांतरित करत नाही; चित्रावर नुसते क्रमांक आणि अर्थ खालच्या मजकुरात, एवढे केले तरी चालते.

वेबसाइट बनवणाऱ्या साधनांवर मी फार वेळ घालवणार नाही. स्फिंक्स, ह्यूगो, एमकेडॉक्स, डॉक्युसॉरस, अँटोरा अशी रांग आहे आणि पाच वर्षांनी वेगळी असेल. गिटबुकचे मूळ मुक्त साधन एके काळी सगळीकडे होते, मग कंपनीने लक्ष काढून घेतले आणि त्यावर बसलेले लोक उठून दुसरीकडे गेले. पण त्यांच्या मार्कडाउन फाइली शाबूत होत्या, म्हणून हे स्थलांतर काही दिवसांचे ठरले. जिथे फाइली साध्या असतात तिथे जॉन मॅकफार्लन यांचे पॅनडॉक मदतीला येते. तत्त्वज्ञानाच्या या प्राध्यापकाने २००६ मध्ये हे फॉरमॅट बदलण्याचे साधन प्रसिद्ध केले, आणि आज अर्धे जग त्यावरून आपले सामान हलवते. पॅनडॉकला समजणार नाही अशा खास जोडण्या जितक्या जास्त वापराल, तितके पुढचे स्थलांतर महाग. नव्या साधनाकडे मन ओढले गेले की मी फक्त एवढेच विचारतो: ते बसवणारा उत्साही तरुण दोन वर्षांनी नसेल, तेव्हा ते कोण चालू ठेवणार?

तर निवड कशी करावी? आज्ञावलीच्या छोट्या साधनाला मॅन पान आणि एक चांगली रीडमी पुरते. त्यासाठी संकेतस्थळ उभारणे म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणे. मध्यम प्रकल्पाला मार्कडाउन, पोटभाषा लिहून ठेवून. अनेक आवृत्त्या, अनेक भाषा, शंभरांवर पाने असतील तर स्फिंक्स किंवा अ‍ॅस्कीडॉक. सगळे लेखक ऑफिसकामातले असतील आणि बाहेरून दुरुस्त्या क्वचितच येत असतील, तर ओडीटी, आणि त्यासाठी लाज बाळगू नये. अडचणी सोडवण्याच्या टिपा, ‘माझ्या प्रिंटरवर असे झाले’ वगैरे, विकीवर. पुस्तिका प्रोग्रामच्याच रेपॉझिटरीत असावी, म्हणजे मेनू हलवणाऱ्यालाच वाक्यही हलवता येईल.

आणि कोणताही फॉरमॅट निवडला तरी तो दाराशी पहारेकरी म्हणून उभा करू नये. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट आणि फ्रीबीएसडी हे दोघेही टॅगांच्या कडक काळात साधा मजकूर स्वीकारत; खुणा घालण्याचे काम आतले लोक करत. ती चाल आता विसरली जाते आहे. ‘पुल रिक्वेस्ट पाठवा’, म्हणजे गिटवरून बदल सुचवा, हे उत्तर प्रोग्रामरला सौजन्याचे वाटते, बाईंना ते दार लावल्यासारखे ऐकू येते. त्यांनी ई-मेलमध्ये दोन ओळी लिहिल्या, ‘निर्यात आता साधने मेनूत आहे’, तर कोणीतरी त्या फाइलीत घालायच्या. गिटमध्ये प्रत्येक बदलाला दोन नावे असतात, लिहिणाऱ्याचे वेगळे आणि नोंदवणाऱ्याचे वेगळे. बदल नोंदवताना लेखकाच्या जागी बाईंचे नाव घालायला आज्ञेत एक शब्द जास्त लागतो.